बीआरसीए: एका अक्षराची चूक प्रथिनाचं काय करते?

स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी ज्यांचं नाव जोडलं जातं ती बीआरसीए जनुकं प्रत्येकाच्या शरीरात असतात, बाईच्याही आणि पुरुषाच्याही. प्रत्येक पेशीत त्यांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यामुळे ‘तिच्यात बीआरसीए सापडलं’ असं कुणी सांगितलं, तर त्याचा खरा अर्थ एवढाच की दोनपैकी एका प्रतीत चूक सापडली. ती चूक जन्मापासून तिथेच आहे. तिच्यामुळे कॅन्सर झालेला नाही आणि होईलच असंही नाही. धोका मात्र वाढलेला आहे, आणि तो किती वाढला हे कळायला ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द अजिबात पुरत नाही. चूक कोणत्या जनुकात आहे, कुठल्या जागी आहे आणि तिने प्रथिनाचा कोणता भाग निकामी केला, हे बघावं लागतं.

या नावाची जनुकं दोन. १९९० साली अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं की काही कुटुंबांत तरुण वयात येणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचं मूळ १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये त्या जागचं जनुक हाती लागलं, ते बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी १३व्या गुणसूत्रावर बीआरसीए-२ सापडलं. नावं जुळी असली तरी ही दोन प्रथिनं दिसायला एकमेकांसारखी नाहीत. एकाच कामाच्या साखळीत ती वेगवेगळ्या जागी उभी आहेत, म्हणून त्यांची नावं जोडीने घेतली जातात.

तुटलेला डीएनए कसा जोडतात

डीएनए म्हणजे दोन धाग्यांची वेणी. एक धागा तुटला तर समोरच्या धाग्याकडे बघून तो दुरुस्त करता येतो, आणि ते दिवसभर चालूच असतं. खरं संकट दोन्ही धागे एकाच जागी तुटले की येतं. पेशी विभागण्याआधी सगळ्या डीएनएची नक्कल करते, सहाशे कोटींहून जास्त अक्षरांची, आणि त्या धावपळीत असे तुकडे पडतात.

पोथीचं पान फाटलं, तर दोन वाटा असतात. फाटलेल्या कडा जुळवून खळ लावायची, म्हणजे काम पटकन होतं पण कडेची चार अक्षरं जातात. किंवा त्याच पोथीची दुसरी प्रत उघडून गेलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. पेशीकडेही याच दोन वाटा आहेत. नक्कल झाल्यावर आणि विभाजन होण्याआधी डीएनएची ताजी दुसरी प्रत शेजारीच असते. तिच्यावरून उतरवून केलेली दुरुस्ती बिनचूक होते, आणि बीआरसीएचं काम याच वाटेवर आहे.

तुटल्या जागी आधी टोकं तासली जातात आणि दोन्ही बाजूंना एकेरी धाग्याची शेपटी मोकळी होते. खळ लावण्याची वाट बाजूला सारून ही तासणी होऊ देणं, हे बीआरसीए-१चं काम. मग ते पाल्ब-२ नावाच्या प्रथिनाला बोलावतं, पाल्ब-२ बीआरसीए-२ला घेऊन येतं. बीआरसीए-२च्या अंगावर आठ आकडे, म्हणजे हूक, आहेत आणि त्यांत रॅड-५१ची प्रथिनं अडकवलेली असतात. ती बीआरसीए-२ एकामागे एक त्या मोकळ्या शेपटीवर चढवतं. रॅड-५१चं अस्तर बसलं की ती शेपटी शेजारच्या प्रतीत जुळणारा मजकूर शोधते, तिथे शिरते आणि हरवलेली अक्षरं भरून निघतात. साखळीतला एक जण जरी गैरहजर असला तरी काम अडतं. पेशी मग खळीकडे वळते. अक्षरं गळतात, एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटतो, आणि अशा खुणा वर्षानुवर्षं साठत जातात. कॅन्सर या साठलेल्या चुकांतून उगवतो. म्हणून बीआरसीएतल्या बिघाडाने कॅन्सर ‘होतो’ म्हणण्यापेक्षा, कॅन्सर घडवणाऱ्या इतर चुकांना मोकळं रान मिळतं असं म्हणणं जास्त बरोबर.

कमल वरण गरम करते

जनुकातली अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. पेशी ती तीन-तीनच्या गटाने वाचते आणि प्रत्येक गटामागे प्रथिनाच्या माळेत एक अमिनो आम्ल ओवते. बीआरसीए-१ची माळ १,८६३ मण्यांची आहे, बीआरसीए-२ची ३,४१८ मण्यांची. चूक म्हणजे नेमकं काय, हे तीन-तीन अक्षरांच्या शब्दांच्या वाक्यावरून चांगलं कळतं.

कमल वरण गरम करते.

यातलं एक अक्षर बदललं: ‘कमल मरण गरम करते’. वाक्याची लांबी तीच, शब्द तितकेच, एकाचा अर्थ बिघडला. प्रथिनात एक मणी वेगळा पडला. हे घातक ठरेल की नाही, ते त्या मण्याच्या जागेवर अवलंबून. कधी बदललेलं अक्षर पूर्णविरामच होऊन बसतं: ‘कमल वरण.’ माळ तिथेच संपते. आणि एखादं अक्षर गळालं, समजा ‘म’, तर वाचणारा थांबत नाही. तो तीन-तीनच अक्षरं उचलत राहतो: ‘कलव रणग रमक रते’. चूक एका अक्षराची, पण तिच्यापुढचं सगळं निरर्थक. तीन अक्षरं एकदम गेली तर मात्र ‘कमल गरम करते’, म्हणजे एक शब्द गेला पण पुढचा मजकूर शाबूत. बीआरसीएतल्या घातक चुकांत सर्वांत जास्त आढळतात त्या पूर्णविरामाच्या आणि गळतीच्या.

ज्यू समाजातल्या अश्केनाझी गटात सुमारे ४० जणांमागे एकाकडे या जनुकांतल्या तीन ठरावीक चुकांपैकी एक असते. त्यातली एक ‘१८५ डेल एजी’ या जुन्या नावाने ओळखली जाते, आणि ती भारतातल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या, काही कुटुंबांतही सापडली आहे. बीआरसीए-१च्या सुरुवातीलाच ‘ए’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरं गळालेली. पहिले २२ मणी बरोबर येतात, तिथून वाचन घसरतं आणि ३९व्या जागी पूर्णविराम लागतो. १,८६३ मण्यांच्या माळेत ३८ मणी, त्यांतलेही १६ चुकीचे. इतर पुष्कळ चुकांत तर एवढंही तयार होत नाही. मध्येच पूर्णविराम आलेले बहुतेक संदेश पेशी ओळखते आणि प्रथिन बनण्याआधीच त्यांची विल्हेवाट लावते. दोन्हीकडे त्या प्रतीकडून मिळणारं कामाचं प्रथिन जवळपास शून्य.

जागेचं महत्त्व

इथे एक गैरसमज हमखास होतो: माळ जितकी लवकर तुटेल तितकं वाईट आणि शेवटी तुटली तर फारसं बिघडत नाही. बीआरसीए-१चे शेवटचे फक्त ११ मणी कापणारी एक चूक आहे, १,८५३व्या जागी पूर्णविराम. ती पूर्ण घातक आहे. उलट बीआरसीए-२मध्ये ३,३२६व्या जागी पूर्णविराम आणणारा बदल शेवटचे ९३ मणी कापतो, तरी कौटुंबिक कॅन्सरची मोठी जोखीम आणणारा म्हणून तो धरला जात नाही. ज्यांच्या रिपोर्टात तो दिसतो, त्यांच्यावर केवळ त्यापायी शस्त्रक्रियेची वेळ येऊ नये.

कारण प्रथिनाच्या घडणीत आहे. बीआरसीए-१च्या सुरुवातीच्या टोकाला रिंग नावाचा भाग आहे. जस्ताचे दोन अणू पकडून तो आपला आकार टिकवतो आणि बार्ड-१ या जोडीदाराला घट्ट धरतो. या भागातला ६१वा मणी सिस्टीन असतो, जस्त पकडणाऱ्यांपैकी एक. तो बदलून ग्लायसीन आला की जस्ताची पकड सुटते आणि त्या टोकाचं काम थांबतं. एवढ्या मोठ्या प्रथिनातला एकच मणी बदललेला, पण तो चावीचा. दुसऱ्या टोकाला बीआरसीटी नावाच्या दोन घड्या एकमेकींना टेकून बसतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच तयार होते. दुरुस्तीची इतर प्रथिनं त्या खाचेत येऊन बसतात. शेवटचे ११ मणी गेले की या घड्या सैल पडतात आणि खाचच राहत नाही. बीआरसीए-२चं शेवटचं टोक तितकं मोक्याचं नाही. त्याचे आकडे मधल्या भागात आहेत आणि डीएनए धरणारा भाग ३,३२६च्या आधीच संपतो.

त्याच खाचेतला बीआरसीए-१चा १,६९९वा मणी तर आणखी शिकवून जातो. तिथला आर्जिनीन जाऊन ट्रिप्टोफॅन आला तर धोका पूर्ण. ग्लुटामिन आला तर प्रथिन थोडंफार काम करत राहतं आणि धोका मधल्या पातळीवर थांबतो. जनुक तेच, जागा तीच, तरी हे दोन वेगळे बदल असलेल्या बायकांना दिला जाणारा सल्ला एकसारखा असू शकत नाही.

दुसरी प्रत जाते तेव्हा

एक प्रत बिघडली तरी दुसरी शाबूत असते आणि पेशीचं काम तेवढ्यावर चालतं. म्हणूनच बिघाड घेऊन जन्मलेली मुलगी इतरांसारखीच वाढते. अडचण तेव्हा होते, जेव्हा स्तनाच्या किंवा बीजवाहिनीच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही योगायोगाने जाते. इतर बायकांच्या पेशीत दोन्ही प्रती गमवायला दोन स्वतंत्र अपघात लागतात. इथे पहिला अपघात जन्माआधीच झालेला आहे. लाखो पेशी, दर महिन्याला संप्रेरकांच्या चढउताराबरोबर होणारी त्यांची विभाजनं, आणि त्यांतल्या एकीत दुसरा अपघात झाला तरी पुरे. तरुण वयात कॅन्सर दिसण्याचं कारण हेच.

आकडे सांगताना २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सर्वांत उपयोगी पडतो. बिघाड असलेल्या सुमारे दहा हजार बायकांची त्यात नोंद होती. वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए-१मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२मध्ये ६९ टक्के आढळली. अंडाशयाच्या कॅन्सरची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. ७२ हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून त्याची फोड करून सांगायला हवी. तो आयुष्यभराचा आकडा आहे. धोका विशीपासून चढत जातो, बीआरसीए-१मध्ये तिशीत आणि बीआरसीए-२मध्ये चाळिशीत शिखर गाठतो, आणि पुढे वर्षाला साधारण दोन ते तीन टक्क्यांवर स्थिर राहतो. म्हणजे पस्तिशीतल्या बाईला पुढच्या वर्षभरात कॅन्सर न होण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त आहे. विचार करायला, दुसरं मत घ्यायला, घरच्यांशी बोलायला तिच्याकडे वेळ आहे. रिपोर्ट आल्याच्या आठवड्यात कुणी घाईने मोठा निर्णय घ्यायला लावत असेल तर थांबावं.

त्याच अभ्यासात जागेचा परिणामही दिसला. दोन्ही जनुकांच्या मधल्या पट्ट्यात चूक असलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका टोकांकडे चूक असलेल्यांपेक्षा कमी होता. मात्र सहभागी बायका मुख्यतः युरोपीय वंशाच्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे हे आकडे दिशा म्हणून वापरावेत, टक्क्याटक्क्याने मोजू नयेत.

बीआरसीए-१चा बिघाड असलेल्या बायकांत होणारा कॅन्सर बहुतांशी ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा असतो, म्हणजे संप्रेरकांच्या आणि हर-२ या प्रथिनावरच्या गोळ्या-इंजेक्शनांना दाद न देणारा. बीआरसीए-२मध्ये बहुधा संप्रेरकांना प्रतिसाद देणारा असतो. पुरुषही यातून सुटत नाहीत. बीआरसीए-२चा बिघाड असलेल्या पुरुषांत स्तनाच्या कॅन्सरची आयुष्यभराची शक्यता सुमारे ७ टक्के असते, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर आणि जोरकस येऊ शकतो. म्हणून त्यांनी चाळिशीपासून प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी सुरू करावी असा सल्ला दिला जातो.

आत्या, मावशी आणि वडील

बिघाड मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. वडिलांकडूनही तितकीच. ‘आईच्या माहेरी कुणाला नाही, मग मला कसा होईल’ हे वाक्य समुपदेशनात वारंवार ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे. वडिलांच्या बाजूला बहिणी कमी असल्या तर बिघाड दोन-दोन पिढ्या पुरुषांतून गुपचूप पुढे जातो आणि नातीत दिसतो.

कुटुंबाची माहिती गोळा करताना आपली नाती कामाला येतात. आत्या आणि मावशी मोजायच्या, काकू आणि मामी नाही, त्या लग्नाने आलेल्या. आजी म्हटलं की कुठली ते लिहायचं. प्रत्येकीचा आजार कोणत्या वयात निघाला तेही लिहायचं. पस्तिशीतला कॅन्सर आणि पंचाहत्तरीतला कॅन्सर यांचं वजन सारखं नाही. जुन्या पिढीत कॅन्सरचं नाव घेतलं जात नसे. ‘पोटात गाठ होती’, ‘पोटात पाणी झालं आणि गेली’ असं सांगितलं जातं, आणि ते पुष्कळदा अंडाशयाच्या कॅन्सरचं वर्णन असतं. ते वगळू नका.

आत्यामध्ये बिघाड सापडला तर भावात तो असण्याची शक्यता निम्मी, भावाच्या मुलीत पाव. वडिलांची तपासणी होऊन ती चूक त्यांच्यात नाही असं निघालं, तर मुलीला त्या बाजूने तो वारसा आलाच नाही. तिची तपासणी त्यासाठी लागत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल काही घरांत आहे. अशा जोडप्यात दोघांकडे बीआरसीए-२चा बिघाड असला, तर चारांत एका अपत्याकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या येऊ शकतात. त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया हा लहान वयातला गंभीर आजार होतो.

तपासणी आणि तिचा रिपोर्ट

शक्यतो आधी त्या व्यक्तीची तपासणी करावी जिला कॅन्सर झाला आहे. तिच्यात चूक सापडली की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा बघायची असते. खर्च पुष्कळ कमी, उत्तर स्पष्ट. आधी निरोगी बहिणीची तपासणी केली आणि काही सापडलं नाही, तर तिला वारसा आला नाही की कुटुंबातली चूक दुसऱ्याच जनुकात आहे, हे कळत नाही. पाल्ब-२, टीपी-५३, एटीएम, चेक-२ या जनुकांतही कौटुंबिक बिघाड असू शकतो, म्हणून हल्ली सगळ्यांची एकत्र तपासणी, म्हणजे पॅनेल, करतात.

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत तीन ते पाच मिली रक्त पुरतं. उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्टाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. दुसऱ्याचं अस्थिमज्जारोपण झालं असेल तर ते आधीच सांगा, कारण रक्तात दात्याचा डीएनए येतो आणि मग त्वचेचा नमुना घ्यावा लागतो. अक्षरं वाचणारी तपासणी छोट्या चुका पकडते, पण जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असला तर तो निसटू शकतो. बीआरसीए-१मध्ये सारखेच दिसणारे तुकडे ठिकठिकाणी पेरलेले आहेत, त्यामुळे तिथे असे मोठे अपघात होतात. एमएलपीए किंवा तशी मोठी गळती पकडणारी तपासणी केली आहे का, हे रिपोर्टात शोधा. नसेल तर विचारा.

रिपोर्टात बदलाची पाचपैकी एक वर्गवारी असते. चौथी आणि पाचवी म्हणजे घातक, पहिली आणि दुसरी म्हणजे निरुपद्रवी. सगळ्यांत जास्त घोळ तिसऱ्या वर्गात होतो, ज्याला व्हीयूएस म्हणतात: अर्थ अजून ठरलेला नाही असा बदल. जगातल्या जनुकांच्या नोंदी मुख्यतः युरोपीय लोकांच्या, म्हणून भारतीयांच्या रिपोर्टात हा वर्ग जास्त दिसतो. व्हीयूएस म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. त्यावरून शस्त्रक्रिया करायची नाही, त्यासाठी नातेवाइकांच्या तपासण्या करत सुटायचं नाही. पुढे अशा बदलांचा उलगडा होतो तेव्हा बहुतेक निरुपद्रवी निघतात. २०१८ मध्ये बीआरसीए-१च्या रिंग आणि बीआरसीटी भागांतले जवळपास ४,००० एकाक्षरी बदल पेशींमध्ये मुद्दाम घडवून, कोणत्या बदलाने पेशी मरते आणि कोणत्याने जगते हे तपासलं गेलं. त्या कामामुळे कितीतरी व्हीयूएसना अर्थ मिळाला. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेकडे आपल्या बदलाची वर्गवारी बदलली का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा वेगळा दवाखाना आहे. अशा ठिकाणी तपासणीआधीच समुपदेशन घेतलं तर पुढचा गोंधळ वाचतो.

घातक बदल निघाला तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीनंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. तरुण स्तन दाट असल्याने नुसत्या मॅमोग्राफीत गाठ लपते. अंडाशयाच्या कॅन्सरला वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुलं झाल्यावर बीजवाहिन्या आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात, बीआरसीए-१मध्ये ३५ ते ४० वयात, बीआरसीए-२मध्ये ४० ते ४५ वयात. दोन्ही स्तन आधीच काढल्याने तिथल्या कॅन्सरचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतो; पण नियमित एमआरआय करत राहणं हाही तितकाच मान्य मार्ग आहे, आणि कोणता घ्यायचा हे त्या बाईने ठरवायचं.

बिघाडाचाच उपयोग

२००५ मध्ये एक सुरेख कल्पना सिद्ध झाली. एकेरी धागा तुटला की पार्प नावाचं प्रथिन दुरुस्तीला धावतं. ओलापारिबसारखी औषधं त्याला डीएनएवरच अडकवून ठेवतात. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशीत बीआरसीएची एक प्रत शाबूत आहे, ती ही तूट भरून काढते. कॅन्सरच्या पेशीत दोन्ही गेलेल्या, म्हणून ती मरते. ओलापारिबच्या गोळ्यांचा डोस सहसा एका वेळी एकूण ३०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. हिमोग्लोबिन उतरतं, त्यामुळे सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासावंच लागतं.

काही रुग्णांत मात्र महिन्यांनी औषध लागू पडेनासं होतं. त्याचं एक कारण पुन्हा त्या वाक्यातच सापडतं. ‘म’ गळून मजकूर ‘कलव रणग रमक रते’ झाला होता. कॅन्सरच्या एखाद्या पेशीत अगदी शेजारीच एक जादा अक्षर घुसलं, तर वाचन पुन्हा रुळावर येतं: ‘कलक वरण गरम करते’. पहिला शब्द चुकीचाच राहिला, पण पुढचं प्रथिन तयार झालं, दुरुस्तीची वाट उघडली आणि ती पेशी औषधाला पुरून उरली. म्हणून आजार उलटल्यावर काही डॉक्टर गाठीचा किंवा रक्तातल्या ट्यूमर डीएनएचा नमुना पुन्हा वाचायला पाठवतात. तिथे ते जन्मतः आलेली चूक शोधत नसतात. तिच्या शेजारी नवं अक्षर आलंय का, ते शोधत असतात.